कोल्हापुरात नवोदित लोककलावंतांची विनामूल्य मैफल कशी भरवावी

कोल्हापूर जिल्ह्यात गोंधळी, शाहीर, जोगती, धनगरी ओवी गाणारे, सोंगी भजनाची मंडळे आणि हलगी-घुमकं वाजवणारे ताफे आजही मोठ्या संख्येने आहेत, आणि त्यांच्या घरांतली विशी-पंचविशीतली मुले-मुलीही ही कला मनापासून शिकत आहेत. त्यांना कमी पडते ते व्यासपीठ. गावची यात्रा, जत्रा आणि लग्नघर यांपलीकडे, जिथे लोक केवळ ऐकण्यासाठी येऊन बसतील अशी जागा त्यांना क्वचितच मिळते. ती जागा आपल्या पेठेतले एखादे तालीम मंडळ, वाचनालय किंवा गणेश मंडळ देऊ शकते, आणि त्यासाठी फार मोठ्या निधीची गरज नसते. अशा मैफली भरवताना जे शिकायला मिळाले आणि ज्या चुका हातून झाल्या, त्यांच्या आधारे हे मार्गदर्शन लिहीत आहे.

आधी मानधन ठरवावे

मैफल विनामूल्य आहे याचा अर्थ श्रोत्याने पैसे द्यायचे नाहीत, एवढाच आहे. कलावंताने फुकट गावे असा अर्थ त्यातून कधीही काढू नये. 'तुम्हाला संधी मिळते आहे, प्रसिद्धी होईल' हे वाक्य नवोदित कलावंताने इतक्यांदा ऐकलेले असते, की ते आपल्या तोंडी आले तर तो मान डोलावतो खरा, पण पुढच्या वेळी फोन उचलत नाही. म्हणून अंदाजपत्रकातली पहिली ओळ मानधनाची असावी आणि मंडप, रोषणाई, फलक हे सारे त्याखाली यावे. पैसे कमी पडले तर मंडप लहान करावा किंवा एक ताफा कमी बोलवावा. बिदागीला कात्री लावू नये.

मानधनाचा आकडा ठरवताना प्रमुख गायकाकडे पाहून चालत नाही. गोंधळ्यांच्या ताफ्यात संबळवाला, तुणतुणेवाला आणि झील, म्हणजे मागून धृपदाचा सूर, धरणारा असतो, शाहिरी पथकात सहा-सात माणसे सहज असतात आणि धनगरी ढोलाचे पथक तर त्याहून कितीतरी मोठे. यांतली बहुतेक माणसे शेतावर, वीटभट्टीवर किंवा औद्योगिक वसाहतीत रोजावर काम करतात. कार्यक्रमासाठी त्यांचा एक दिवस जातो, आणि रात्री उशिरा घरी पोहोचल्यामुळे बऱ्याचदा दुसऱ्या दिवसाचा रोजही बुडतो. माणशी बुडणारा रोज, येण्या-जाण्याचे भाडे आणि त्यावर कलेची बिदागी अशी बेरीज करून ताफ्याच्या प्रमुखाशी स्पष्ट बोलावे. सुपारी ठरली की इसार त्याच दिवशी द्यावा आणि उरलेली रक्कम ताफा रंगमंचावर जाण्यापूर्वी पाकिटात घालून हातात ठेवावी. कार्यक्रम संपल्यावर, सामान आवरण्याच्या गडबडीत, कलावंताला पैशांसाठी कार्यकर्ता शोधत हिंडावे लागणे ही गोष्ट मी एका नामवंत आयोजकाकडे स्वतः पाहिली आहे. त्या रात्री तुणतुणे काखेत धरून अर्धा तास उभ्या राहिलेल्या मुलाचा चेहरा मला आजही आठवतो.

निधी गोळा करताना व्यापारी, पतसंस्था किंवा माजी विद्यार्थ्यांकडून छोट्या-छोट्या रकमा घ्याव्यात. देणगीदाराचे नाव फलकावर अवश्य लिहावे, परंतु त्याला भाषणाचे आश्वासन देऊ नये. श्रोत्यांना द्यावेसे वाटले तर दारापाशी एक दानपेटी ठेवावी आणि तिच्यात जमेल ते सर्व ताफ्यांत समान वाटले जाईल असे त्याच पेटीवर लिहावे.

कलावंत शोधण्यासाठी गावी जावे

मोबाइलवरच्या चित्रफिती पाहून निवड करू नये. त्यांत ज्याच्याकडे चांगला फोन आहे तो पुढे येतो आणि ज्याचा गळा चांगला आहे तो मागे राहतो. वाडी रत्नागिरीवर जोतिबाच्या चैत्र यात्रेत सासनकाठ्यांपुढे हलगी, घुमकं आणि कैताळ वाजवणारी पोरे ऐकावीत. पट्टणकोडोलीच्या विठ्ठल-बिरदेव यात्रेत ढोलाच्या पथकांमागे दिवसभर हिंडावे. शाहूवाडी, राधानगरी, भुदरगड या भागांत रात्री भजनाला बसलेल्या मंडळींत जाऊन बसावे. शिवाजी विद्यापीठाच्या युवा महोत्सवात दर वर्षी महाविद्यालयांतली मुले लोककला सादर करतात. त्यांतली जी स्पर्धा संपल्यावरही गात राहतात, त्यांची नावे टिपून ठेवावीत.

येथे एक गोष्ट आग्रहाने सांगावीशी वाटते. 'नवोदित' या शब्दाचा वयाशी संबंध जोडू नये. चाळीस वर्षे जात्यावर आणि पंचमीच्या फेरात ओव्या गाणारी, परंतु माइकसमोर एकदाही उभी न राहिलेली बाई ही आपल्या मैफलीपुरती नवोदितच असते. अशा स्त्रियांना बोलावताना त्यांच्या सोबतीला कोण येणार, परत कधी आणि कसे पोहोचवणार, हे त्यांच्या घरी बसून, घरातल्या मोठ्या माणसांसमोर ठरवावे. त्याविना त्यांचा होकार पक्का होत नाही.

जोगत्यांच्या बाबतीत विशेष जपावे लागते. चौंडकं हे तारेचे वाद्य वाजवून गाणारी ही माणसे यल्लम्मा देवीची भक्त आहेत आणि त्यांच्या जगण्याकडे पाहण्याची समाजाची नजर अजून पुरेशी निवळलेली नाही. आपला परिचय कसा करून द्यावा, कोणते संबोधन वापरावे आणि देवीची टोपली म्हणजे परडी रंगमंचावर असावी की नसावी, हे त्यांनाच विचारावे आणि त्यांच्या खाजगी आयुष्याविषयी एकही प्रश्न व्यासपीठावरून विचारू नये.

तारीख, जागा आणि परवानगी

तारीख ठरवताना कॅलेंडरमधले रविवार पाहून भागत नाही, कलावंतांचे वर्ष पाहावे लागते. नवरात्रात गोंधळ्यांना क्षणाची उसंत नसते. मार्गशीर्ष पौर्णिमेच्या सुमारास जोगती यल्लम्माच्या यात्रेसाठी सौंदत्तीच्या वाटेवर असतात. लग्नसराईतल्या दाट तिथींना गोंधळाच्या सुपाऱ्या आधीच ठरलेल्या असतात, चैत्रात हलगीवाले जोतिबाच्या डोंगरावर असतात आणि पावसाळ्यात उघड्या जागेचा विचारच करता येत नाही. या सगळ्यातून उरणारे आठवडे थोडे असतात. माझ्या अनुभवात जानेवारीचा उत्तरार्ध आणि फेब्रुवारी हा काळ त्यातल्या त्यात सोयीचा ठरतो.

कोल्हापुरात रंगमंच म्हटला की केशवराव भोसले नाट्यगृहाचे नाव ओठांवर येते. राजर्षी शाहू महाराजांनी खासबाग कुस्ती मैदानाशेजारी उभारलेली आणि १९१५ साली पॅलेस थिएटर या नावाने सुरू झालेली ही वास्तू ८ ऑगस्ट २०२४ च्या रात्री, गायक-नट केशवराव भोसले यांच्या जयंतीच्या पूर्वसंध्येला, आगीत होरपळली. कुस्तीचे मैदान आणि नाट्यगृह एकमेकांना खेटून बांधणाऱ्या राजाच्या या गावात हलगीला आणि गाण्याला एकच श्रोता मिळत आला आहे, आणि ती जाण आपल्या छोट्या मैफलीतही असावी असे मला वाटते. बंदिस्त जागा हवी असल्यास दसरा चौकातले शाहू स्मारक भवन आहे. मात्र पहिल्या मैफलीसाठी मी तरी पेठेतला चौक किंवा तालमीसमोरची मोकळी जागा निवडेन, कारण सभागृहात ठरवून आलेली माणसे येतात, तर चौकात भाजी घेऊन चाललेली बाईही थांबते.

उघड्या जागेसाठी ध्वनिक्षेपकाची लेखी परवानगी पोलिसांकडून घ्यावी लागते. आपला चौक जुना राजवाडा, लक्ष्मीपुरी, शाहूपुरी की राजारामपुरी ठाण्याच्या हद्दीत येतो हे आधी पाहावे आणि अर्ज निदान तीन आठवडे आधी द्यावा. रस्त्याचा भाग अडणार असेल तर महापालिका आणि वाहतूक शाखा यांच्याकडेही अर्ज लागतो. ध्वनिप्रदूषण नियम, २००० नुसार उघड्या जागेत रात्री १० ते सकाळी ६ ध्वनिक्षेपक लावता येत नाही, निवासी भागात दिवसाची आवाजाची मर्यादा ५५ डेसिबल आहे, आणि रुग्णालये, शाळा व न्यायालये यांच्याभोवतीचा १०० मीटरपर्यंतचा परिसर शांतता क्षेत्र ठरवता येतो. छत्रपती प्रमिलाराजे रुग्णालयासारख्या ठिकाणाच्या आसपासचा चौक म्हणूनच टाळावा. रुग्णाच्या उशाशी ढोल वाजवून कोणत्याही कलेचा मान वाढत नाही. कार्यक्रमात वगनाट्य किंवा संहिता असलेले लोकनाट्य असेल, तर रंगभूमी प्रयोग परिनिरीक्षण मंडळाच्या प्रमाणपत्राची चौकशीही वेळेत करावी.

कमी ताफे, जास्त वेळ

आमच्या पहिल्या मैफलीत आम्ही आठ ताफे बोलावले आणि प्रत्येकाला बारा मिनिटे दिली. गोंधळ्यांचे आवाहन चालू होते. तुळजापूरची भवानी, कोल्हापूरची अंबाबाई, वाडी रत्नागिरीचा जोतिबा असे एकेक दैवत 'गोंधळाला ये' म्हणत बोलावले जात होते, आणि मी बाजूने 'वेळ संपत आली' अशी चिठ्ठी पाठवली. त्या ताफ्यातल्या वयस्कर संबळवाल्याने कार्यक्रमानंतर मला शांतपणे सांगितले, "दादा, द्येवाला बोलावलं आन् आल्याबरूबर जा म्हटलं, असं झालं बगा." त्यानंतर मी वेळेचा हिशेब पूर्णपणे बदलला.

लोककलेच्या प्रत्येक प्रकाराला स्वतःचे दार असते आणि त्या दारातूनच आत जावे लागते. गोंधळाला आवाहन लागते, धनगरी ओवीला सुंबरान, म्हणजे देवाचे स्मरण, मांडावे लागते, शाहीर आधी नमन आणि मुजरा करतो. हा भाग प्रस्तावना समजून गाळता येत नाही, कारण तिथेच गळा तापतो, वाद्ये एकमेकांना सापडतात आणि श्रोताही बसता होतो. म्हणून एका ताफ्याला निदान पंचवीस मिनिटे द्यावीत आणि एका संध्याकाळी पाचांहून अधिक ताफे ठेवू नयेत. साडेसहाला सुरू करून पावणेदहाला संपवायचे तर १९५ मिनिटे मिळतात. त्यांत सादरीकरणाची १२५, मधल्या चार बदलांची प्रत्येकी सात याप्रमाणे २८, प्रारंभाची १० आणि शेवटी सर्वांनी मिळून वाजवण्याची १५ धरली तर १७ मिनिटे हाताशी उरतात. ती उरलेली बरी असतात, कारण कुणाची तरी गाडी फुलेवाडीच्या नाक्यावर अडकतेच.

रात्रभर चालणारी कथा पंचवीस मिनिटांत कशी बसवायची, हा प्रश्न तरुण कलावंत हमखास विचारतात. संपूर्ण कथा पळवत सांगण्यापेक्षा तिच्यातला एकच प्रसंग निवडावा आणि तो त्याच्या मूळ चालीत, पूर्ण सावकाशीने सांगावा, असे मी त्यांना सुचवतो. पोवाड्यातही चौक, म्हणजे कडव्यांचे गट, मोजून घ्यावेत. दोन चौक नीट रंगवलेले चार चौक धावत म्हटल्यापेक्षा जास्त लक्षात राहतात. हा सराव आयोजकाने ताफ्याच्या गावी जाऊन एकदा तरी घड्याळ लावून ऐकावा.

क्रम लावताना नाजूक आवाजाची गोष्ट मोठ्या आवाजाच्या मागे कधीच ठेवू नये. हलगी-घुमकं ऐकलेल्या कानाला एकतारीवरचे भजन पुढची दहा मिनिटे ऐकूच येत नाही. आम्ही सव्वासहाला हलगीवाल्यांना रस्त्यावर, मंडपाच्या तोंडाशी उभे करतो, कारण कोल्हापूरकर हलगी ऐकली की गल्लीतून बाहेर येतोच. त्यानंतर शाहीर, मग ओवी किंवा भजन, मग चौंडकं, मग गोंधळ आणि शेवटी धनगरी ढोल, असा क्रम आम्हाला मानवला आहे. ढोलाचे पथक रंगमंचावर चढवू नये. ढोलावरच्या गजनृत्याला रिंगण लागते, म्हणून मंचासमोरची जागा मोकळी ठेवून तिथेच त्यांना उतरवावे.

ध्वनिव्यवस्था: सर्वांत जास्त लक्ष येथे द्यावे

बहुतेक मैफली येथेच बिघडतात. साउंडवाल्याचा हात वाद्यवृंदाला आणि मिरवणुकीला सरावलेला असतो. संबळ दिसले की तो माइक पुढे सरकवतो, आणि गळा, तुणतुणे, झील हे सारे संबळाखाली गाडले जाते. म्हणून ऑपरेटरला आठवडाभर आधी एखाद्या ताफ्याचा सराव प्रत्यक्ष ऐकवावा आणि कोणते वाद्य मुळात किती वाजते हे त्याच्या कानी पडू द्यावे.

संबळ, हलगी आणि ढोल यांना छोट्या चौकात माइकची गरज नसते. लागलाच तर दोन-तीन हात दूर ठेवलेला एक पुरे. तुणतुण्याला मात्र माइक हवाच, आणि तो तारेपाशी न धरता खालच्या चामड्याच्या तोंडाशी, वीतभर अंतरावर ठेवावा, कारण तार चामड्यातून ओवलेली असते आणि घुमणारा नाद तिथूनच बाहेर पडतो. चौंडक्याचेही तसेच आहे, परंतु ते काखेत धरून वाजवले जाते आणि वाजवणारा सतत हलतो, त्यामुळे उभ्या स्टँडवरचा माइक निरुपयोगी ठरतो. तिथे वाद्याच्या कडेला कापडी पट्टीने बांधलेला लहान माइक चांगले काम देतो. पट्टी बांधण्यापूर्वी वाद्याच्या मालकाची परवानगी घ्यावी, कारण ते वाद्य त्याच्या घरी देव्हाऱ्यात असते. गोंधळी नाचत गातो, त्याला कानावर बसणारा माइक द्यावा. झील धरणाऱ्या दोघांना मिळून एक माइक द्यावा आणि त्यांना शाहिराच्या मागे लपवू नये, कारण 'जी जी रं जी' हा सूर तुटला की पोवाड्याचा कणा मोडतो. गायकासमोर त्याचा आवाज त्याला ऐकवणारा मॉनिटर असावा. पहिल्यांदाच माइकवर गाणाऱ्या माणसाला तो नसेल तर आपला आवाज कुठे गेला हे कळत नाही आणि तो गळा फाडतो.

गूंज वाढवणारा एको पूर्णपणे बंद ठेवावा, कारण ओवीतला शब्द न् शब्द कळला पाहिजे.

थंडीच्या रात्री आणखी एक गोष्ट घडते, जिचा विचार शहरातला आयोजक करत नाही. दव पडू लागले की हलगीचे चामडे सैल होते आणि तिचा कडक आवाज बसतो. आमच्या दुसऱ्या मैफलीत आठच्या सुमारास एक हलगीवाला मुलगा मंडपामागे कागद आणि पाचट पेटवून त्या जाळावर हलगी फिरवत होता. तो एका हाताने कडे धरून ती झपझप उलटीपालटी करी, मधूनच बोटाने टिचकी मारून आवाज ऐके, परत जाळावर धरी, आणि टिचकीचा आवाज 'थप्प' वरून 'टण्ण' वर आला तेव्हाच तो उठला. त्याआधी आमच्या एका कार्यकर्त्याने मंडपाला आग लागेल म्हणून त्याचा जाळ एकदा विझवला होता, आणि भीती योग्यच होती, परंतु वाजवणाऱ्याची गरजही तितकीच खरी होती. तेव्हापासून आम्ही मंडपापासून वीस-पंचवीस पावलांवर, वीजवाहिन्यांपासून दूर, शेगडीची जागा आधीच आखून ठेवतो, शेजारी पाण्याच्या आणि वाळूच्या बादल्या ठेवतो आणि एक माणूस तिथे नेमून देतो.

निवेदन आणि सत्कार

दीपप्रज्वलन आणि एक वाक्याचे स्वागत यापलीकडे प्रारंभात काही नसावे. शाल, श्रीफळ आणि फेट्यांची रांग लागली की पहिल्या ताफ्याचा वेळ तिथेच जातो. निवेदकाने प्रत्येक कलावंताचे नाव, गाव आणि गुरू कोण हे त्याच्याकडूनच विचारून, उच्चारासकट लिहून घ्यावे. वाजवणाऱ्यांचीही नावे घ्यावीत. 'आणि साथीदार' असे म्हणून सोडून देऊ नये. पुढच्या रांगा मान्यवरांसाठी राखून ठेवण्याऐवजी तिथे सतरंज्या अंथरून मुलांना बसवावे. जेवण ताफा मंचावर जाण्याच्या दोन तास आधी किंवा नंतर द्यावे, भरल्या पोटी गाता येत नाही. चंदगडसारख्या शंभराहून अधिक किलोमीटर लांबच्या तालुक्यातून आलेल्यांची रात्रीची सोय तालमीतच करावी, किंवा त्यांच्यासाठी गाडी थांबवून ठेवावी.

हक्क, ध्वनिमुद्रण आणि पुढचे काम

पारंपरिक ओवी, आवाहन, भारूड यांवर कुणाची मालकी नसते, परंतु अलीकडच्या शाहिरांची कवने ही त्यांची निर्मिती आहे आणि कवीच्या मृत्यूनंतर साठ वर्षे तिचा हक्क टिकतो. प्रतिलिपी अधिकार (कॉपीराइट) कायद्यात, हौशी मंडळाने पैसे न देणाऱ्या श्रोत्यांपुढे केलेल्या सादरीकरणाला सूट आहे. पण आपण मानधन देऊन कलावंत बोलावतो, तेव्हा त्या सुटीवर विसंबण्यापेक्षा कवीची किंवा त्याच्या वारसांची लेखी संमती घेणे योग्य. बहुतेक जण आनंदाने देतात, फक्त त्यांना कुणी विचारलेले नसते.

कलावंताच्या सादरीकरणावर त्याचा स्वतःचाही कायदेशीर हक्क असतो. त्याच्या संमतीविना ध्वनिमुद्रण किंवा चित्रीकरण करता येत नाही, हे आयोजकाने विसरू नये. सोप्या मराठीत एक पान तयार करावे. मुद्रण कोण करणार, कुठे दाखवणार, त्यातून पैसे मिळाले तर वाटा किती, हे त्यात लिहावे आणि ते पान कलावंताला मोठ्याने वाचून दाखवून मगच सही किंवा अंगठा घ्यावा. जो नाही म्हणेल त्याचे चित्रीकरण करू नये आणि त्याबद्दल त्याचे मानधनही कमी करू नये.

मैफलीचा खरा उपयोग दुसऱ्या दिवसापासून दिसतो. श्रोत्यांत यात्रा समित्यांचे पदाधिकारी, शाळांचे मुख्याध्यापक, विद्यापीठाच्या संगीत विभागातले अध्यापक आणि आकाशवाणी कोल्हापूर केंद्राची मंडळी असतील तर तरुण कलावंताला पुढचे काम मिळते, म्हणून त्यांना निमंत्रणपत्रिका टपालाने न पाठवता हातोहात द्यावी. इतरांसाठी गंगावेशीतला दूध कट्टा, मिरजकर तिकटी, बिंदू चौक अशा ठिकाणी साधे, मोठ्या अक्षरांचे फलक पुरतात. मंडपाच्या दारापाशी प्रत्येक ताफ्याचे नाव आणि, त्यांची संमती असेल तर, संपर्क क्रमांक लिहिलेली पाटी लावावी, जेणेकरून सुपारी देऊ इच्छिणाऱ्याला आयोजकाची मध्यस्थी लागू नये. आकाशवाणीच्या स्वरचाचणीचा अर्ज भरायला ज्याला मदत हवी असेल त्याच्यासाठी आमच्या मंडळातली एक शिक्षिका पुढच्या रविवारी तालमीत बसते.

आठवड्याच्या आत प्रत्येक ताफ्याला त्याचे मुद्रण पेनड्राइव्हमध्ये घालून, जमा-खर्चाच्या एका प्रतीसह, घरी नेऊन द्यावे. गेल्या वेळी आम्ही करवीर तालुक्यातल्या एका गोंधळी घरी गेलो, तेव्हा त्या मुलाच्या आजीने नातवाचे आवाहन मोबाइलवर संपूर्ण ऐकले, दोन दैवतांची नावे राहून गेल्याचे त्याला तिथल्या तिथे दाखवून दिले आणि ती दोन्ही नावे चालीसकट म्हणवून घेतल्यावरच आम्हाला चहा विचारला.